काय लागलं?

तीन हजार दोनशे मीटर,
तेही समुद्राच्या तळापासून खाली,
आणि माझ्या सहीवर.
मी लिहिलं होतं : हा फॉल्ट धरून ठेवेल.

मखमलाबादला पोचले तेव्हा भाऊ ओट्यावर
बोअरच्या पावत्या लावत बसले होते.
चष्म्यावरून पाहिलं.
"काय लागलं गं तुमच्या विहिरीला?"
"पाणी."
"मग?" म्हणाले. "मग तोंड का असं?"

चाळीस वर्षं हा माणूस
गिरणारे, दिंडोरी, जलालपूर फिरला,
तळहातावर नारळ उभा राहतो का बघत.
पाणी लागलं की पेढे, नाही लागलं की
दोन दिवस त्या गावातून जायचं नाही.
त्याला कसं सांगू,
की पाणी लागल्यावर आमच्याकडे
जेवणघरातही कुणी बोललं नाही.

आईनं पुरणपोळ्या केल्या होत्या.
मी चार एकावर एक ठेवल्या, सुरीनं मधोमध कापल्या,
अर्धी चवड बोटभर खाली सरकवली.
"ही पोळी म्हणजे वाळूचा खडक. तेल हिच्यात.
हे पुरण म्हणजे चिकणमाती.
जमीन तुटते, एक बाजू खचते,
वाळूसमोर माती येते. तेल वर चढत येतं,
मातीला अडतं, तिथंच साठतं.
आणि हे बघा, कापताना
पुरण कडेला कसं माखलं गेलं.
खालीही असंच. भेगच सारवली जाते."
भाऊंनी कडेवर तूप ओतलं.
बराच वेळ पाहत राहिले. थांबलं तूप.
"मग चुकलं कुठं?"

मी चवड पुन्हा हलवली. नखभरच.
तूप ताटात उतरलं.

एवढंच झालं असणार.
तेल आलं, भरलं, लाखो वर्षं राहिलं,
आणि मग जुनी भेग एकदा कूस बदलून निजली.
मी माती किती हे मोजलं होतं.
ती दुसऱ्यांदा कधी हलली
हे विचारायचं राहिलं.
वर आलेला चुरा जांभळ्या दिव्याखाली धरला
तर कणाकणावर फिकट पिवळी चमक होती,
पाहुणे उठून गेल्यावर
गादीवर राहतो तसा खळगा.

भाऊंनी पोळी खाल्ली. माती, वाळू, सगळी.
हात धुताना म्हणाले,
"निंबा पिंगळ्याच्या मळ्यात काळ्या पाषाणाची उभी भिंत आहे,
जमिनीत गाडलेली, दिसत नाही.
अलीकडं दोनशे फुटांत पाणी.
पलीकडं त्याच्याच भावाचं सहाशे फूट कोरडं.
मीच पाडलं दोन्ही. नारळ दोन्हीकडं उभा राहिला होता."
हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

सकाळी मला गाडीवर मागं बसवून घेऊन गेले,
त्या भावाच्या रानात, नवी जागा बघायला.
रामशेजवर ऊन यायचं होतं.
नारळ डिकीतच राहिला.
मी बांधाबांधानं चालले, कातळाचा उघडा तुकडा शोधत,
होकायंत्र धरून ती भिंत कुठं तुटते ते पाहिलं :
ओढ्यापाशी, जिथं करंज एका रेषेत उगवलेत.
"इथं," मी म्हणाले. "भेग असली तर असेल.
खात्री नाही."
"खात्री कोण मागतंय," भाऊ म्हणाले,
आणि चुन्याची फुली मारली.

गाडी तमिळ पोरांची होती. कांबळी रंगाची धूळ,
मग राखाडी, मग गेरूसारखी लाल,
मग पुन्हा राखाडी, तासभर राखाडी.
दोनशे साठला धूळ जड झाली, उडेना.
दोनशे ऐंशीला चिखल.
मग कॉम्प्रेसरनं जे वर फेकलं
ते सगळ्यांच्या अंगावर आलं.

पिंगळ्यांचा धाकटा पळत आला, मशीनच्या आवाजात ओरडला,
"काय लागलं?"

मी ओठ चाटले.
गोडं होतं.
दोन इंच असेल, जास्त नाही,
उन्हाळ्यात टिकेल की नाही माहीत नाही.
खिशात ऑफिसचा फोन थरथरत होता,
पुढच्या फॉल्टचं काय, विचारायला.

"पाणी," मी ओरडले.
"पाणी लागलं!"